एल्सेसर तुटत नाही

बाप्तिस्मा खोळंबला तो बर्फामुळे. खाली नेकार नदीच्या काठी द्राक्षमळ्यांतली छाटणी संपत आली होती, दारातल्या चेरीला कळ्या धरल्या होत्या, आणि वर आल्बच्या पठारावर मात्र मार्च महिन्यात जानेवारीसारखा बर्फ पडत होता. त्या पठारावरच्या एका खेड्यातून हेर्मानची मुलगी आनेग्रेट, तिचा नवरा योखेन आणि त्यांची तान्ही फ्रीडेरीके यायची होती. चर्चमध्ये जमलेली मंडळी ताटकळून आपापल्या घरी गेली. पास्टर क्नाप एल्सेसरांच्या बैठकीत येऊन कॉफी प्यायले, केकचा तुकडा कागदात बांधून घेतला आणि म्हणाले, "बाळ आलं की कळवा. देवाला घाई नाही, आणि मलाही नाही."

त्यांना पोचवून लोरे जेवणघरात आली तेव्हा तिचे दोघे भाऊ एकमेकांकडे पाठ करून उभे होते. थोरला हेर्मान खिडकीशी, धाकटा विल्फ्रीड शेगडीशी. मधे पांढरं शुभ्र टेबल, ठेवणीतली ताटं, दुमडलेले रुमाल.

"भांडण झालं का पुरं?" तिनं विचारलं.

"माझं शुक्रवारीच पुरं झालं," विल्फ्रीड म्हणाला. "आता तू काय ते बोल."

तेच तर तिला नको होतं. दोन वर्षांपूर्वी बाबांनी एल्सेसर गाड्यांच्या कारखान्याची मालकी तिघांत सारखी वाटून दिली, तेव्हा गावात औषधाचं दुकान चालवणाऱ्या लोरेला वाटलं होतं, नावापुरती आहे, राहू दे. हेर्मान कारखाना चालवतो, विल्फ्रीड गाड्यांचे आराखडे करतो, आपलं काय काम? पण दोन भावांची तोंडं दोन दिशांना झाली की बहिणीच्या मानेवर जू येतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

गोष्ट एका सांध्याची होती. नव्या बावीसशे गाडीच्या पुढच्या चाकाला धरून ठेवणारा मुठीएवढा पोलादी सांधा. कडाक्याच्या थंडीत तो ठिसूळ होतो आणि खड्ड्यात चाक आपटलं की तुटू शकतो, असं विल्फ्रीडच्या लोकांना हिवाळ्यातल्या चाचण्यांत आढळलं होतं. सांधा तुटला की चाक बाहेर वळून आडवं होतं. मग गाडी कुठे जाईल ते तिच्या आत बसलेल्याच्या हातात राहत नाही.

"चाचणीत तुटले," हेर्मान खिडकीबाहेर बघतच म्हणाला. "तोडण्यासाठीच घेतले होते ते! लोखंडाला हातोड्यानं मारलं तर तेही तुटतं. मी कुठे म्हणतोय बदलायचे नाहीत? गाडी नेहमीच्या सर्व्हिसिंगला आली की काढायचा जुना, बसवायचा नवा. बोभाटा कशाला? वर्षाच्या आत सगळ्या गाड्या हातावेगळ्या होतील."

"वर्षाच्या आत एक अख्खा हिवाळा येतो, हेर्मान."

"आणि उद्या पेपरात छापून आलं की एल्सेसरची चाकं निखळतात, तर वर्षाच्या आत कारखान्याला कुलूप येईल. ते चालेल तुला? गावातल्या दर दुसऱ्या घराची चूल आपल्यावर पेटते."

हे खोटं नव्हतं. पणजोबा गोटलोब द्राक्षं पिळायची यंत्रं बनवायचे. यंत्रं गिऱ्हाइकाकडे पोचवायला म्हणून त्यांनी एक गाडी जुळवली, आणि लोक यंत्राऐवजी गाडीच मागू लागले. पुढे टपालखात्यानं त्या गाड्या आल्बच्या घाटात चालवल्या, ऐन थंडीत चालवल्या, आणि टपालवाल्यांच्या तोंडून तो शब्द निघाला: एल्सेसर तुटत नाही. कारखान्यानं ते कधी जाहिरातीत छापलं नाही, छापावं लागलं नाही. बाप मुलाला सांगे, मुलगा नातवाला. पैसा साठवून साठवून माणसं एकच गाडी घेत आणि ती पुढच्या पिढीला देत. युद्धानंतर कारखान्याचं छप्पर उडालेलं असताना आत पातेली आणि शेगड्या बनत होत्या, तेव्हाही लोक येऊन विचारायचे, गाड्या पुन्हा कधी सुरू करताय?

"नाव कमवायला तीन पिढ्या लागल्या," हेर्मान म्हणाला.

"आणि गप्प बसायलाही तीन पिढ्यांचा सराव आहे आपल्याला," विल्फ्रीडचा आवाज चढला. "युद्धात ट्रक कुणाच्या हातांनी बांधले? मारूनमुटकून आणलेल्या, उपाशी माणसांच्या. या टेबलावर कधी निघालाय तो विषय?"

"विल्फ्रीड!" लोरे म्हणाली.

कोपऱ्यातल्या खुर्चीत बाबा बसले होते. ऑयगेन एल्सेसर. कानांनी दगा दिल्यापासून घरातली माणसं त्यांच्यासमोर काहीही बोलत, जणू ते कपाट होते. पण त्यांच्या हातातला कप बशीवर टेकता टेकता थांबला, आणि लोरेला शंका आली की बाबांचे कान वाटतात तितके गेलेले नाहीत.

हेर्माननं तिला खिडकीशी बोलावलं. हळू आवाजात म्हणाला, "काल तू म्हणालीस, तू माझ्या बाजूनं आहेस."

"म्हणाले."

"मग?"

ती म्हणाली होती, आणि मनापासून म्हणाली होती. नवरा कुर्ट तिला सोडून गेला त्या हिवाळ्यात गावातल्या बायका औषधाच्या चिठ्ठीआडून तिचं तोंड न्याहाळायच्या. तेव्हा हेर्मान रोज संध्याकाळी कारखान्यातून सरळ तिच्या घरी यायचा, तिच्यासमोर बसून सूप प्यायचा आणि चकार शब्द न बोलता उठून जायचा. मुद्दाम गाडी अगदी दारात लावायचा. गावाला दिसावं म्हणून. असल्या भावाला नाही म्हणायचं कसं?

तेवढ्यात हेर्मानची बायको झीग्लिंडे स्वयंपाकघरातून आली, हात ॲप्रनला पुसत. "अहो, मटण आता सुकायला लागलंय. आनेग्रेटच्या शेजारच्या खानावळीत फोन करून बघा ना, निघाली तरी आहेत का?"

हेर्माननं लगतच्या बैठकीतला फोन लावला. पलीकडे खानावळवाली बाई एवढ्या मोठ्यानं बोलत होती की सगळ्यांना ऐकू येत होतं. "केव्हाच निघालेत की! उजाडता उजाडता. बाळाला असं गुंडाळलेलं, नुसतं नाक दिसत होतं. काय थंडी आहे हो इथं, पंपाचं पाणीसुद्धा गोठलंय. खाली उतरायचा रस्ता सगळा खड्ड्यांनी..." आणि लाइन कडकडून तुटली.

हेर्माननं फोन जागेवर ठेवला.  तिघा भावंडांना एकच गोष्ट आठवली. फ्रीडेरीके जन्मली तेव्हा हेर्माननं लेकीच्या दारात भेट म्हणून नवी कोरी गाडी नेऊन उभी केली होती. गडद निळी बावीसशे.

"थांबली असतील कुठेतरी," झीग्लिंडे म्हणाली. तिला सांध्याचं काहीच माहीत नव्हतं. "बाळाला पाजायला. तुम्ही सगळे असे काय उभे आहात?"

"हो, थांबली असतील," हेर्मान म्हणाला.

तो पुन्हा खिडकीशी गेला. लोरेनं पाहिलं, भावानं खिडकीच्या चौकटीला घट्ट धरलं होतं. विल्फ्रीडला या क्षणी बोलून दाखवता आलं असतं. दुसरा कुणी असता तर बोललाही असता. पण तो शेगडीपासून निघाला आणि भावाच्या शेजारी जाऊन उभा राहिला, खांद्याला खांदा लावून. लहानपणी बाबा रागावले की दोघे असेच उभे राहायचे.

"मी वर जाऊन बघतो," विल्फ्रीड म्हणाला. "घाटापर्यंत."

"मी येतो."

"तू नको. वाटेत चुकामूक झाली तर तू इथे हवास."

विल्फ्रीड कोट घालायला वळला. लोरे हात जोडून बसली होती. प्रार्थना करत होती की नुसतीच बसली होती, तिला सांगता आलं नसतं. तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येत होतं: उताराचा रस्ता, खड्डा, आणि आडवं झालेलं चाक.

मग रस्त्यावरून एक आवाज आला. शिलाई मशीन जोरात पळवावं तसा, टरटर टरटर. एल्सेसरचा नव्हता तो. या घरातलं मूलही झोपेत सांगू शकेल की एल्सेसरचा नव्हता. कुणी वळूनही पाहिलं नसतं, पण आवाज फाटकापाशी येऊन खोकला आणि बंद पडला. आणि आनेग्रेटची हाक आली, "आई! अगं, कुणी आहे का? फाटक उघडा!"

रस्त्याच्या कडेला योखेनची जुनी फ्रेंच गाडी उभी होती. राखाडी पत्र्याची, छप्पर कापडाचं, दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे. तिच्यावर हातभर बर्फ साचला होता. योखेन बाहेर उभा होता, फाटकापलीकडे, टोपी हातात घेऊन. त्या फाटकातून एल्सेसरखेरीज दुसऱ्या बनावटीची गाडी आजवर आत आली नव्हती. बाबांचा नियम. डॉक्टरसुद्धा आपली गाडी रस्त्यावर लावून चालत येत, आणि बाबांना हृदयविकाराचा झटका आला त्या दिवशीही तसेच आले होते.

"माफ करा," योखेन ओरडून सांगत होता. तो खेड्यातल्या शाळेत मास्तर होता, आणि सासुरवाडीत कायम माफीच्या सुरात बोलायचा. "बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागे अडकलो. सगळा घाट गोगलगाईसारखे उतरलो. मी ही इथेच बाहेर लावतो, काळजी करू नका..."

लोरे धावत निघाली होती, पण तिच्या आधी कुणीतरी अंगणात पोचलं होतं. बाबा. घरातल्या सपाता पायांत, डोक्यावर काही नाही. त्यांनी फाटकाचा अडसर काढला, एक झडप रेटली, मग दुसरी, आणि योखेनला हातानं खूण केली. आत घे. अगदी पायरीपाशी घे.

"आजोबा, पण ही गाडी..."

"आण रे आत!" म्हातारा कडाडला. "बाळाला वारा लागतोय!"

हेर्मान पायऱ्या उतरून आला आणि त्यानं मुलीला बाळासकट असं मिठीत घेतलं की आनेग्रेट हसायला लागली. "बाबा, चिरडाल तिला! एवढं काय झालं? उशीरच झालाय ना?"

"बावीसशे कुठाय?" त्यानं विचारलं.

आनेग्रेटनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं बुटांकडे. "रागावू नका हं," ती म्हणाली. "ती कोठारात आहे, चादरीखाली. योखेनला लाज वाटते. सगळे शेतकरी ट्रॅक्टरवर, आणि मास्तर डायरेक्टरच्या गाडीत! पोरं फळ्यावर चित्रं काढतात त्याची. आम्ही ती फारशी काढलीच नाही बाहेर. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

हेर्मान खो खो हसत सुटला. हसता हसता त्याला पायरीवर बसावं लागलं. योखेनला कळेना, सासरा रागावलाय की वेडा झालाय. विल्फ्रीड एक बाही घातलेला कोट तसाच लोंबता ठेवून त्या पत्र्याच्या गाडीच्या नाकावर थोपटत होता, घोड्याला थोपटावं तसा.

दुपारी बाप्तिस्मा झाला. फ्रीडेरीके डोक्यावर पाणी पडताच अशी किंचाळली की पास्टर म्हणाले, छातीचा भाता एल्सेसरचाच आहे. मग जेवण झालं. सुकलेल्या मटणाचं सगळ्यांनी कौतुक केलं, झीग्लिंडेनं केलेल्या स्पेट्झले शेवया तीनदा वाढून घेतल्या, वाइनच्या बाटल्या मोकळ्या झाल्या. हेर्मान नातीला मांडीवर घेऊन बसला होता. लोरे शेजारून जात असताना त्यानं तिचा हात धरला.

"बघ, झालं का काही?" तो पुटपुटला. चेहरा वाइननं आणि सुखानं लाल झाला होता. "उगाच आपण जीव टांगणीला लावला. सगळं ठीक होतं."

लोरे हसली. तिलाही तसंच वाटत होतं, हेच तर वाईट होतं. मघाचा तो काळा तास पोटभर जेवणाखाली गडप झाला होता. सगळं ठीक होतं, बाळ इथे होतं, मग कशाला कुणाचा दिवस नासवायचा? टेबलाच्या पलीकडून विल्फ्रीड तिच्याकडे पाहत होता. तिनं नजर चुकवली आणि केक कापायला उठली.

उन्हं कलायला लागली तशी योखेननं कोट शोधला. सगळे अंगणात आले. झीग्लिंडेनं त्या फ्रेंच गाडीत हात घालून पाहिलं आणि झटक्यात बाहेर काढला.

"अगंबाई, आत तर बर्फासारखं गार आहे! यात नेणार माझ्या नातीला? मुळीच नाही. योखेन, ही राहू दे इथे. आमची बावीसशे घेऊन जा, हीटर कसा छान चालतो तिचा. अहो, किल्ली द्या त्यांना."

हेर्माननं खिशात हात घातला. किल्ली काढली. योखेननं नाइलाजानं हात पुढे केला. आणि हेर्मानचा हात तिथेच थांबला.

"अहो, द्या ना."

"नको," हेर्मान म्हणाला.

"नको काय? गारठून जाईल पोर!"

"नको म्हणतो ना!" तो ओरडला. मग अगदी हळू, जावयाला म्हणाला, "तुमच्याच गाडीनं जा. बाळाला आणखी दोन कांबळी गुंडाळा. आणि ती कोठारातली... तिला हात लावू नका. मी माणूस पाठवीपर्यंत चादरीखालीच असू द्या."

आनेग्रेट बापाकडे बघत होती. ती एल्सेसरांच्या घरात वाढलेली, तिला अर्धं तरी कळलंच. हेर्मान हातातल्या किल्लीकडे असा पाहत होता की जणू ती कुणीतरी दुसऱ्यानं तिथे ठेवली असावी. त्यानं बहिणीकडे पाहिलं.

"मी तुझ्या बाजूनं आहे, हेर्मान," लोरे म्हणाली. "म्हणूनच सांगते. उद्या सगळ्यांना हेच सांग, जे आत्ता योखेनला सांगितलंस."

बाबा पायरीवर उभे होते. ते एवढंच म्हणाले, "फोन बैठकीत आहे."

हेर्मान आत गेला. कारखान्याच्या व्यवस्थापकाला घरी फोन करून त्यानं सांगितलं की उद्या बावीसशेची लाइन सुरू करायची नाही, आणि वर्तमानपत्रांच्या लोकांना बोलवायचं. पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं होतं. "हो," हेर्मान म्हणत होता. "हो, मला माहीत आहे लोक काय म्हणतील. हो." फोन ठेवून तो खुर्चीत बसला आणि त्यानं टायची गाठ सैल केली. लोरेला वाटलं, भाऊ कोसळेल. पण त्यानं लांब श्वास सोडला आणि म्हणाला, "केक उरलाय का?"

तेव्हा विल्फ्रीड त्याच्यासमोर बसला. "आणखी एक आहे. सकाळीच सांगणार होतो, पण तू वकील धाडले असतेस. हाइलब्रोनच्या दवाखान्यात एक माणूस आहे. डाइनिंगर नावाचा, वाइनचा फिरता विक्रेता. बावीसशे रस्त्यावरून उतरून झाडावर गेली. पाय आणि बरगड्या मोडल्यात. परवा गाडी आमच्याकडे आली, मी पाहिलं. सांधाच."

"मग तो कोर्टात कसा गेला नाही?"

"कारण त्यानं पोलिसांना सांगितलं, मला डुलकी लागली असणार. त्याला आठवत नाही काही. पण तो म्हणाला, दुसरं काय होणार? एल्सेसर तर तुटत नाही."

सोमवारी सकाळी हेर्मान आणि लोरे हाइलब्रोनला गेले, लोरेच्या जुन्या गाडीतून. वर्तमानपत्रांच्या लोकांना दुपारची वेळ दिली होती. त्या माणसाला हे पेपरात वाचायला लागू नये, असं लोरेनं ठरवलं होतं आणि हेर्माननं वाद घातला नव्हता.

डाइनिंगर खाटेवर होते, पाय वर टांगलेला. पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे, विक्रेत्याला शोभेल असे. पण डोळे विझलेले. शेजारी त्यांची बायको विणत बसली होती. हेर्माननं आपलं नाव सांगितलं तसे ते उठून बसायची धडपड करू लागले.

"एल्सेसर? स्वतः? अहो, गाडीचं फार वाईट वाटतं हो मला. इतकी सुंदर गाडी! माझाच..."

"डाइनिंगर साहेब," हेर्मान उभ्याउभ्याच म्हणाला, "गाडीच्या चाकाचा सांधा तुटला. आमच्या सांध्यात खोट होती. तुमची काही चूक नव्हती."

डाइनिंगर त्याच्याकडे पाहत राहिले. "म्हणजे... मी झोपलो नव्हतो?"

"नाही. ते चाक कुणालाच सावरता आलं नसतं."

"मी झोपलो नव्हतो," ते म्हणाले. मग मोठ्यानं, "हिल्डे! ऐकलंस? मी झोपलो नव्हतो!" आणि बरगड्या मोडलेला तो माणूस हसायला लागला, दुखतंय म्हणून विव्हळत, डोळ्यांतून पाणी गाळत. "मी रोज रात्री... मी म्हणायचो, गाडीत मुलं असती तर? पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावणार नाही म्हणून शपथ घेतली होती मी!"

त्यांच्या बायकोनं विणकाम खाली ठेवलं. तिला हसू आलं नव्हतं. "आणि तुम्हाला हे केव्हापासून ठाऊक होतं?" तिनं हेर्मानला विचारलं.

"सांध्याचं हिवाळ्यापासून," हेर्मान म्हणाला. "सांगायला उशीर केला. तो माझा दोष."

त्या बाईनं शेजारची खुर्ची पायानं पुढे सरकवली. बसा, असं मात्र म्हणाली नाही. हेर्मान बसला.

"दवाखाना, पगार, नवी गाडी, सगळं आम्ही बघू," तो म्हणाला. "पोलिसांनाही आजच कळवतो. आणखी काही करता येईल का तुमच्यासाठी?"

डाइनिंगरनी डोळे पुसले आणि क्षणभर विचार केला. गालांवर रंग चढत होता.

"पोलिसांचं सावकाश होऊ द्या हो," ते म्हणाले. "आधी माझ्या सासऱ्यांना सांगा. मी विकतो ती वाइन त्यांचीच आहे. गेले तीन आठवडे गावभर सांगत सुटलेत की जावई त्यांचाच माल पिऊन झोपला. इथून जवळच राहतात. आत्ता गेलात तर जेवायच्या वेळी सगळेच सापडतील घरी."

हेर्मान एल्सेसर उठला, टोपी घेतली आणि पत्ता विचारला.